अडकलेला वायू आणि जाळीच्या घराची उंची

जमिनीखाली साठवण्यासाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू खडकात टिकतो तो केवळ वरच्या अभेद्य थरामुळे, म्हणून संगणकीय प्रतिमानात सापेक्ष पारगम्यतेचा (छिद्रांत पाणीही असताना वायू खडकातून किती सहज वाहतो याचा) एकच वक्र पुरेसा आहे, असे एक मत आहे; ते वायू आत सोडला जात असेपर्यंत बव्हंशी खरे आहे. मात्र तो सोडणे थांबले की पाणी छिद्रांत परतू लागते, अरुंद गळ्याच्या भिंतीवरचा पाण्याचा पापुद्रा जाड होत जाऊन वायूचा सलग धागा तोडतो, आणि मागे उरलेले सुटे बुडबुडे हलत नाहीत. परतीच्या प्रवाहाला वेगळा वक्र द्यावाच लागतो.

या मताच्या चर्चेत न आलेला मुद्दा जाळीचा, म्हणजे प्रतिमान खडकाचे ज्या घरांत विभाजन करते त्यांचा, आहे. लँड यांच्या १९६८ च्या सूत्रात सुरुवातीच्या वायू-संपृक्ततेला (छिद्रांच्या जागेपैकी वायूने व्यापलेल्या अंशाला) 'एक अधिक स्थिरांक गुणिले तीच संपृक्तता' याने भागले की अडकलेली संपृक्तता मिळते. स्थिरांक २ धरल्यास ०.६ मधून सुमारे ०.२७ अडकते. आता जाळीच्या एका घरात वरच्या अर्ध्या भागात ०.६ संपृक्तता आणि खालचा अर्धा भाग वायूविना, म्हणजे फक्त पाण्याने भरलेला, असेल तर खरी सरासरी ०.१४ येते, पण प्रतिमान त्या घराची संपृक्तता ०.३ मानून ०.१९ देते. उत्तर समुद्रातील स्लाइप्नर येथे १९९६ पासून उत्सिरा वालुकाश्मात सोडलेला कार्बन डायऑक्साइड भूकंपीय सर्वेक्षणांत नऊ पातळ थरांत पसरलेला दिसला. अशा ठिकाणी उंच घरे घेतल्यास अडकलेला वायू फुगवून मोजला जातो, आणि माझ्या मते वक्राच्या निवडीइतकीच ही चूक गंभीर आहे.