युद्धात असलेल्या देशाला आर्थिक मदत द्यावी का?

दीपस्तंभ:

शस्त्रे पाठवणे म्हणजे युद्धात एका बाजूने उभे राहणे, याबद्दल फारसा वाद नाही. पैशाच्या बाबतीत मात्र माझे मत अजून ठरत नाही. ज्या देशावर आक्रमण झाले आहे, त्याच्या शिक्षकांचे पगार, वृद्धांची निवृत्तिवेतने आणि रुग्णालयांचा खर्च भागावा म्हणून दुसऱ्या देशाने आपल्या तिजोरीतून रक्कम दिली, तर ती माणुसकीने केलेली मदत म्हणायची की युद्धातला सहभाग? युक्रेनच्या निमित्ताने हा प्रश्न फेब्रुवारी २०२२ पासून सतत समोर येत आहे. युरोपीय संघाने २०२४ ते २०२७ या काळासाठी ५० अब्ज युरोंची तरतूद केली, त्यांपैकी ३३ अब्ज कर्जरूपाने आणि १७ अब्ज अनुदान म्हणून. इतक्या मोठ्या रकमेचा निर्णय ज्यांच्या करातून होतो, त्यांना त्याची कारणे समजायला हवीत असे मला वाटते.

पैसा मिळत राहिला की लढाई लांबते आणि तहाची बोलणी मागे पडतात, असे एक मत वारंवार वाचायला मिळते, आणि ते मला सहज झटकून टाकता येत नाही. युद्धाच्या धांदलीत हिशेब सैल होतात, तेव्हा रक्कम योग्य ठिकाणी पोहोचली हे कोण पाहणार, हीदेखील शंका आहे. आणि कर्ज दिले तर उद्ध्वस्त झालेला देश ते फेडणार कशातून? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिलालेख:

आपला पहिला प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिका तटस्थ होती आणि फ्रान्सला कर्ज देता येईल का, अशी विचारणा न्यूयॉर्कच्या मॉर्गन पेढीकडून झाली होती. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी त्याला विरोध केला. युद्धकाळात ज्या मालावर बंदी असते त्या सगळ्यांत पैसा हा सर्वांत घातक, कारण बाकीच्या प्रत्येक मालावर त्याची हुकमत चालते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते पदावरून दूर झाले, आणि १९१५ संपण्यापूर्वीच ब्रिटन व फ्रान्स यांच्यासाठी ५० कोटी डॉलरचे कर्ज अमेरिकेच्या बाजारातून उभे राहिले. धोरण बदलले, परंतु ब्रायन यांचे विधान खोटे ठरले नाही. एकदा पैसा गुंतला की अलिप्तता केवळ कागदावर उरते.

म्हणून मी आपल्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता देतो. लढणाऱ्या सरकारच्या तिजोरीत भरलेला पैसा हा युद्धातला सहभागच असतो, मग त्यावर शिक्षकांचे नाव असो की रुग्णांचे. हे मान्य केल्याने मदत अनैतिक ठरत नाही. उलट, आक्रमण झालेल्या देशाची बाजू घेणे योग्य आहे असे ज्याला वाटते, त्याने ते उघडपणे सांगावे आणि मग मदत द्यावी. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेने मित्रदेशांना आधी किंमत न घेता युद्धसामग्री देण्यासाठी उधार-पट्ट्याचा (लेंड-लीज) कायदा केला, तेव्हा ती स्वतः युद्धात उतरलेली नव्हती. ब्रिटनजवळचे सोने व डॉलर मात्र संपत आले होते. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता आपली पाण्याची नळी देताना आपण आधी तिची किंमत मागत नाही, असा दाखला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दिला होता. विरोधकांनी त्याच वेळी सांगितले की हे पाऊल देशाला युद्धाकडे नेणारे आहे. दोन्ही बाजूंना आपण काय करत आहोत याची जाणीव होती, आणि मला त्या वादात हीच गोष्ट आदर्श वाटते.

त्या कायद्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरचा माल गेला, त्यांपैकी ३० अब्जांहून अधिक एकट्या ब्रिटिश साम्राज्याकडे, आणि त्याची किंमत बव्हंशी वसूल केली गेली नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येताच हा पुरवठा एकाएकी थांबवण्यात आला आणि ब्रिटनला नव्याने ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. व्याज केवळ २ टक्के असूनही त्याचा अखेरचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फेडला गेला. जिंकलेल्या देशाची ही कथा आहे, हे लक्षात घ्यावे.

ताळेबंद:

सार्वजनिक वित्ताचे काम मी बरीच वर्षे केले असल्यामुळे या विषयाची हिशेबी बाजू मांडतो. शिलालेख यांच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे; तो निष्कर्ष आकड्यांतूनही तसाच निघतो.

युक्रेनमध्ये सर्वसाधारणपणे अशी व्यवस्था चालत आली आहे की देशात गोळा होणारा कर सैन्यावर खर्च होतो आणि बाहेरून येणारी अर्थसंकल्पीय मदत पगार, निवृत्तिवेतन, आरोग्य आणि विस्थापितांचे भत्ते यांसाठी वापरली जाते. देणाऱ्या देशाच्या संसदेत या रकमेवर लष्करी शिक्का बसत नाही, आणि हिशेबाच्या वहीपुरते ते खरेही आहे. परंतु बाहेरचा पैसा आला नसता तर तो करच पगारांकडे वळवावा लागला असता, किंवा नोटा छापाव्या लागल्या असत्या. एका हाताने दिलेल्या रुपयामुळे दुसऱ्या हातातला रुपया मोकळा होतो. हे सत्य मतदारांपासून लपवून ठेवले की पुढे कधीतरी ते उघड होते आणि तेव्हा सगळ्या मदतीवरचाच विश्वास उडतो. मला याची फार काळजी वाटते.

आता गळतीविषयी. जागतिक बँकेने २०२२ मध्ये युक्रेनसाठी जो प्रकल्प सुरू केला, त्याची रचना अशी आहे की सरकार आधी आपल्या तिजोरीतून पगार व निवृत्तिवेतन देते, त्याचा तपशील तपासला जातो आणि मगच तेवढ्या रकमेची भरपाई होते. अशा पद्धतीत पैसा अधांतरी पडून राहत नाही. कागदावरच अस्तित्वात असलेल्या माणसाला पगार काढणे इथेही अशक्य नाही, पण निवृत्तिवेतनाची यादी ही रणांगणावरच्या हजेरीपटापेक्षा तपासायला कितीतरी सोपी असते. जानेवारी २०२३ मध्ये सैनिकांच्या जेवणाच्या करारात अंड्यांचे दर बाजारभावाच्या दुपटीहून अधिक लावल्याचे पत्रकारांनी उघडकीस आणले आणि संरक्षण उपमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. तो करार देशाच्या स्वतःच्या संरक्षण खर्चातला होता, आणि माझ्या दृष्टीने बोध नेमका इथे आहे. बाहेरून तपासली जाणारी रक्कम तुलनेने सुरक्षित राहते, आणि तिच्यामुळे मोकळी झालेली रक्कम कमी तपासलेल्या जागी जाते. म्हणून देणाऱ्याने आपल्याच पैशाच्या पावत्या मागून थांबू नये. त्या देशाच्या लेखापरीक्षण आणि भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा स्वतंत्र राहतील अशी अट घालावी. जुलै २०२५ मध्ये युक्रेनच्या संसदेने अशा दोन यंत्रणांचे स्वातंत्र्य कमी करणारा कायदा केला, तेव्हा युद्ध सुरू असतानाही लोक रस्त्यावर आले, युरोपीय संघाने तीव्र नाराजी कळवली आणि दहा दिवसांच्या आत ते स्वातंत्र्य परत द्यावे लागले. मदतीचा असा उपयोगही होतो.

पांथस्थ:

वरील दोन्ही प्रतिसाद विचारपूर्वक लिहिलेले आहेत, तरीही मला त्यांत एक मोठी जागा रिकामी दिसते. आपण सर्व जण असे गृहीत धरून बोलत आहोत की युद्धग्रस्त देशात एक मान्य सरकार आहे, त्याची तिजोरी चालू आहे आणि शिक्षकांची यादी कुठेतरी ठेवलेली आहे. जगातल्या बहुतेक युद्धांत असे नसते. येमेनमध्ये २०१६ साली मध्यवर्ती बँकच दुभंगली. मान्यताप्राप्त सरकारने ती एडनला हलवली आणि राजधानी सना हूथी बंडखोरांच्या ताब्यात राहिली. त्या देशाला मदत द्यायची म्हणजे कोणत्या बँकेला? सौदी अरेबियाने २०१८ मध्ये एडनच्या बँकेत २ अब्ज डॉलर ठेवले, ज्यातून अन्नधान्याच्या आयातीसाठी परकीय चलन मिळत होते. दुसरीकडे, हूथींच्या भागात धान्य भलतीकडे वळवले जात असल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाला २०१९ मध्ये तिथले काही वाटप थांबवावे लागले होते. उपाशी माणसे दोन्ही भागांत होती.

अफगाणिस्तानचे उदाहरण तर अधिक वेदनादायक आहे. तिथल्या सार्वजनिक खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानांतून येत होता. सैन्याच्या पटावर असे हजारो सैनिक होते ज्यांचा पगार निघत होता पण जे प्रत्यक्षात नव्हतेच, आणि अमेरिकेने नेमलेल्या महानिरीक्षकांच्या अहवालांत हे वर्षानुवर्षे लिहिले जात होते. तपासणी नव्हती असे नाही. तपासणीचे निष्कर्ष समोर असूनही पैसा वाहत राहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकार कोसळले, अनुदान थांबले, मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेत गोठवले गेले, आणि ज्या परिचारिकेचा पगार परदेशातून येत होता तिला एका आठवड्यात काहीच उरले नाही. इतके अवलंबित्व निर्माण करणे हेही एक प्रकारचे नुकसानच आहे.

माझा कल म्हणूनच सरकारांपेक्षा माणसांकडे पैसा पोहोचवण्याकडे आहे. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांशी लढत आहेत, आणि तिथे वस्तीवस्तीतल्या स्वयंसेवकांनी आपत्कालीन कक्ष उभारून सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. परदेशातले नातेवाईक व हितचिंतक मोबाईलवरून रक्कम पाठवत आणि त्यातून त्या दिवशीचे जेवण शिजत असे. त्यांच्याकडे कचेऱ्या नव्हत्या, वाहनांचे ताफे नव्हते, आणि जिथे मोठ्या संस्था जाऊ शकल्या नाहीत तिथे ही माणसे आधीपासूनच राहत होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. हजारो कोटींच्या चर्चेत ही रक्कम कुणाच्या नजरेतही भरली नसती.

दीपस्तंभ:

सर्वांचे मनापासून आभार. पांथस्थ, आपण मांडलेला मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. माझ्या प्रश्नात "देश" हा शब्द मी फार सहजपणे वापरला, हे आता जाणवते. ज्या युद्धात एक बाजू स्पष्टपणे आक्रमक आहे आणि दुसऱ्या बाजूला चालते-बोलते राज्य आहे, तेथील मदत आणि यादवीतली मदत यांना एकच नियम लावता येणार नाही, हे मला पटले.

तरीही मदतीमुळे युद्ध लांबते, या आक्षेपाला अद्याप कुणी थेट उत्तर दिलेले नाही. हा आक्षेप केवळ आक्रमकाचे समर्थक घेतात असे नाही; ज्यांना माणसे मरणे थांबावे असे मनापासून वाटते, तेही घेतात.

शिलालेख:

आक्षेपात तथ्य आहे. मदत मिळाली नाही तर युद्ध लवकर संपू शकते, हे खरेच आहे. १९७४ मध्ये अमेरिकी संसदेने दक्षिण व्हिएतनामची लष्करी मदत ७० कोटी डॉलरवर आणली आणि ३० एप्रिल १९७५ रोजी त्याची राजधानी सायगाव उत्तर व्हिएतनामच्या हाती पडली. कपात हे त्या पराभवाचे एकमेव कारण नव्हते, त्या राज्याच्या अंगभूत दुर्बलता होत्याच. पण युद्ध संपले. त्यानंतर लाखो लोकांनी होड्यांतून देश सोडला आणि पुष्कळांना वर्षानुवर्षे पुनर्शिक्षण छावण्यांत राहावे लागले. तेव्हा युद्ध कधी संपेल एवढे विचारून भागत नाही. ते कुणाच्या अटींवर संपेल, आणि त्या अटींखाली कोण जगणार आहे, हेही त्याच श्वासात विचारावे लागते. त्या लोकांच्या वतीने हा निर्णय दूरच्या देशाने घ्यावा, हे मला मान्य नाही. त्यांना लढायचे नसेल तर आपला पैसा त्यांना लढायला लावू शकत नाही. अफगाणिस्तानने हेच दाखवले.

युद्ध लांबवण्याचा सर्वांत क्रूर मार्ग मात्र अर्धवट, अडखळत दिलेली मदत हा आहे. अमेरिकी अध्यक्षांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितलेली रक्कम संसदेने एप्रिल २०२४ मध्ये मंजूर केली, ज्यात युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज डॉलर होते. मधल्या सहा महिन्यांत दारूगोळ्याची टंचाई तीव्र झाली आणि फेब्रुवारीत अवदिव्का हे पूर्व युक्रेनमधील शहर हातचे गेले. रक्कम अखेरीस दिलीच गेली, पण त्या विलंबाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. द्यायचे नसेल तर सुरुवातीलाच नाही म्हणावे, म्हणजे समोरचा आपले सामर्थ्य ओळखून निर्णय घेऊ शकेल.

ताळेबंद:

परतफेडीचा प्रश्न राहिला आहे, म्हणून तेवढे लिहितो. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची मालमत्ता पाश्चात्त्य देशांनी २०२२ मध्ये गोठवली, आणि तिचा मोठा भाग बेल्जियममधील युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेत आहे. जून २०२४ मध्ये इटलीतील बैठकीत जी-७ देशांनी त्या मालमत्तेवर मिळणाऱ्या नफ्यातून फेडले जाणारे ५० अब्ज डॉलरचे कर्ज युक्रेनला देण्याचे ठरवले. मुद्दलाला हात लावलेला नाही. त्याचे एक कारण असे की एका देशाच्या राखीव निधीवर जप्ती आली, तर उद्या इतर देश आपला निधी युरोमध्ये ठेवायला कचरतील, ही भीती आहे.

ही योजना मला पटते, कारण फेडीचा भार उद्ध्वस्त देशावर न टाकता आक्रमकाच्या मालमत्तेवर टाकण्याचा तो प्रयत्न आहे. परंतु तिच्यात एक उघडा सांधा आहे. शांतता करारात ती मालमत्ता मोकळी करावी लागली तर नफा आटेल आणि कर्ज मात्र उभेच राहील. तेव्हा ते कुणी फेडायचे, हे कर्ज देणाऱ्या देशांनी आपापल्या संसदेत आजच सांगून ठेवले पाहिजे, कारण तहाची बोलणी सुरू झाली की पहिल्या दिवसापासून हा आकडा त्या टेबलावर असणार आहे.