पत्र्याची खोली, मे महिना आणि वीस मिनिटांत बंद पडणारा पीएस४

पत्र्याखालचा_गेमर

नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आमचं घर. खाली काकांचे चार माग, टॉवेलचे. वर पत्र्याची खोली, ती माझी आणि धाकट्या भावाची. तिथं जुना जाड पीएस४ (प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं मशीन) आहे, १२०० सिरीजचा, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला.

थंडीत काही त्रास नव्हता. मार्चपासून फॅन बोंबलायला लागला. आता मेमध्ये माग बंद असले तरी वर माग चालू असल्यासारखं वाटतं. वीस मिनिटं फुटबॉल खेळलो की मशीन फार तापलंय असा मेसेज येतो आणि बंद. अर्ध्या तासानं चालू केला की परत वीस मिनिटं.

एका दुकानात दिला होता. त्यांनी ८०० घेतले, 'सर्व्हिसिंग केलं' म्हणाले. दहा दिवसांत पुन्हा तेच. आता म्हणतात चिप सुटली आहे, बोर्ड हीट करावा लागेल, ३५०० होतील, गॅरंटी नाही. शिवाय रात्री अनवाणी असताना मागच्या पोर्टला हात लागला तर बारीक मुंग्या येतात. शॉक नाही, पण येतात. संध्याकाळी व्होल्टेज पण कमी असतं. स्टॅबिलायझर घेऊ का? ३५०० घालू का भंगारात देऊ?

कडक_भाकरी

का बे, खेळायच्या आधी पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव की. माझा चुलतभाऊ ठेवतो.

टॉर्क्स_अण्णा

आधी फ्रीजचं. ठेवू नको. गार झालेलं मशीन बाहेर काढलं की हवेतली ओल त्याच्यावर धरते, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखी. तांब्याला घाम आला तर पुसता येतो, बोर्डाच्या आतला कोण पुसणार? त्या चुलतभावाचा नंबर माझ्याकडं येणारच आहे.

आता भावा, तुझं. मी २००९ पासून हेच करतोय. आधी टीव्हीचे बोर्ड, मग मोबाईल, मग हे. ३५०० घालू नको. का ते सांगतो.

तुझं मशीन चालू होतं, चित्र येतं, वीस मिनिटं खेळ चालतो, मग ते स्वतः सांगतं की मी तापलोय आणि नीट बंद होतं. म्हणजे चिप शाबूत, तापमान मोजणारा सेन्सर शाबूत, बोर्ड शाबूत. चिप सुटलेलं मशीन असं शहाण्यासारखं वागत नाही. ते निळा दिवा लुकलुकवत बसतं, चित्रच देत नाही, नाहीतर मेसेज न देता मधेच मरतं. तुझं मशीन आजारी नाही, त्याचं नाक चोंदलंय.

बोर्ड हीट करणं म्हणजे काय तेही ऐक. चिप बोर्डाला जोडणारं शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. हातातल्या गरम हवेच्या गननं तेवढी उष्णता सगळ्या चिपखाली सारखी जात नाही. एका कोपऱ्यात कमी, दुसऱ्यात जास्त, आणि शेजारचं प्लास्टिक वितळतं ते वेगळंच. कधीकधी मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खुश होऊन पैसे देतं, महिन्याभरात परत येतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेमच्या मशीनवर बिघाडाचे लाल दिवे लागायचे, त्या वेळी हेच झालं होतं. तेव्हा लोक मशीन चालू ठेवून टॉवेलात गुंडाळायचे, तापून सांधा बसेल म्हणून. सोलापुरात टॉवेलाला तोटा नाही, त्यामुळं आपल्याकडं हा प्रयोग जरा जास्तच झाला असावा! त्या मशीनमध्ये खरी भेग चिपच्या आतल्या बारीक जोडांत पडायची. सारखं तापणं आणि गार होणं, त्यानं. टॉवेलानं ती कशी सांधणार? मायक्रोसॉफ्टनं जुलै २००७ मध्ये वॉरंटी ३ वर्षांची केली आणि त्यापायी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. टॉवेलानं भागलं असतं तर कशाला काढली असती?

तुझ्या घरात दोन गोष्टी एकत्र आल्यात. एक म्हणजे पत्रा. पीएस४ च्या कागदावर वापरायची हवा ५ ते ३५ अंश लिहिलीय. बाहेर ४३ असताना पत्र्याखाली किती असतं ते तुला माहीत आहे. चिप खोलीच्या हवेपेक्षा अमुक अंशांनी वरच राहते. खोली १६ अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर जाते. फॅन कितीही ओरडला तरी तो खोलीचीच हवा फेकणार, गार हवा कुठून आणणार?

दुसरी गोष्ट रुई. हे पुण्यामुंबईच्या व्हिडिओत तुला कोणी सांगणार नाही. साधी धूळ पंख्यावर बसते आणि फुंकली की उडते. मागावरची रुई तशी नाही. तिचे तंतू एकमेकांत अडकतात, हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांच्या तोंडाशी नमदा तयार होतो, दाबलेल्या तंतूंचा जाड थर. पूर्व भागातून, म्हणजे तुमच्या मागांच्या वस्तीतून आलेलं मशीन मी उघडायच्या आधीच ओळखतो. तुझ्या दुकानदारानं बाहेरून ब्लोअर मारला असणार, त्यानं तो नमदा आणखी आत दाबला गेला.

उघडायचं असं. वायर काढून अर्धा तास थांब, पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. मागच्या स्क्रूंना मध्ये खुंटी असते, म्हणून मध्ये भोक असलेला टॉर्क्स पाना लागतो, टी८ किंवा टी९. साधा स्टार घालून झिजवू नको, मग ड्रिल मारावं लागतं. खालचं झाकण काढलं की काळा पॉवर सप्लाय दिसतो. त्याचे स्क्रू काढून सरळ वर उचल. खाली दोन पिना आहेत, तिरका ओढला की वाकल्याच. त्याच्या खालीच हीटसिंकची पाती. नमदा चिमट्यानं अख्खा ओढून काढ, मग मऊ ब्रश. ब्लोअर मारायचाच तर फॅन बोटानं धरून मार. मोकळा फिरला तर बेअरिंग जातं आणि फॅन डायनामोसारखी उलटी वीज बोर्डात सोडतो.

एवढ्यानंच बहुतेक काम होईल. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये उष्णता नेणारी पेस्ट असते, ती बदलायची तर बोर्ड पूर्ण काढावा लागतो. पहिल्यांदा करत असशील तर एकदा साफ करून बघ, फरक पडला नाही तरच तिकडं जा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, देशी सॅनिटायझरनं नको. नवी तुरीच्या डाळीएवढी, सगळीकडं पातळ. मेमरी चिपांवरचे मऊ पॅड फाडू नको.

स्टॅबिलायझर नको. सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, संध्याकाळचं आपलं व्होल्टेज त्याला पुरतं. मुंग्या येतात कारण पीएस४ ची वायर दोन पिनांची, तिला अर्थिंगच नाही. सप्लायमधल्या फिल्टरचा बारीक करंट बॉडीवर येतो आणि निघायला वाट शोधतो. टीव्ही तीन पिनांचा असेल आणि घराचं अर्थिंग खरं असेल तर एचडीएमआयच्या, म्हणजे टीव्हीला चित्र नेणाऱ्या वायरीतून तो निघून जातो. तुझ्याकडं जात नाहीये, म्हणजे वायरमनला बोलव. खाली माग चालतात, हे नुसतं गेमसाठी सांगत नाही. आणि दोन्हीकडं करंट असताना एचडीएमआय काढू-घालू नको, त्यात पोर्टमागची चिप उडते. माझ्या टेबलावर निम्मी गिऱ्हाइकं त्याचीच.

जुळे_सोलापूरकर

अण्णा, माझा पीएस५ आहे, फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हाचा. पेस्ट बदलायची वेळ झाली का? घरी कूलर आहे, त्याच्यासमोरच ठेवलाय.

टॉर्क्स_अण्णा

पीएस५ मध्ये पेस्ट नाही, लिक्विड मेटल आहे. ते वीज वाहतं. एक थेंब बाजूला गेला तर बोर्ड संपला. मी स्वतः दोनदा विचार करून हात घालतो, तुम्ही घालूच नका. बाजूची पांढरी पानं सरकवून काढा, आत धूळ गोळा व्हायला दोन भोकं दिली आहेत, तिथं व्हॅक्यूमची नळी लावा. तेवढंच.

कूलर खोलीत असू द्या, मेच्या कोरड्या हवेत तो खोली चांगली उतरवतो. पण तोंड मशीनकडं नको. बोअरच्या पाण्याचे तुषार वाळले की क्षार राहतो, कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो तो बघितलाय ना? जूनमध्ये ढग आले की कूलर नुसता दमटपणा देतो, तेव्हा बंद.

पत्र्याखालचा_गेमर

अण्णा, रविवारी उघडला. पाना नवी पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाला, १२० ला. पाती दिसतच नव्हती! चिमट्यानं ओढलं तर वीतभर पट्टा सलग निघाला, राखाडी, एका कडेला गुलाबी. गुलाबी बघून काका लगेच म्हणाले, दिवाळीच्या ऑर्डरचं सूत आहे हे. म्हणजे ऑक्टोबरपासून आत होतं. पेस्टला हात लावला नाही.

आता रात्री साडेनऊला दीड तास खेळलो, मेसेज नाही. दुपारी दोनला परत आला, पण पन्नास मिनिटांनी. भिंतीतल्या कोनाड्यातून काढून लोखंडी स्टुलावर ठेवलाय, मागं वीतभर जागा. वायरमन बुधवारी येतो म्हणालाय. आणि आवाज येईना म्हणून आई दोनदा वर येऊन बघून गेली, पोरं झोपली का काय म्हणून.

एकच विचारायचं होतं. रुई तर रोजचीच आहे. हवा जाते त्या फटीवर मलमलचं फडकं नाहीतर बायकांचे पातळ मोजे ताणून लावले तर?

टॉर्क्स_अण्णा

नको. फडकं आठ दिवसांत भरतं आणि तुझं लक्ष जात नाही, मग तोच नमदा आतऐवजी बाहेर. फॅन लहान आहे, त्याला तेवढी ओढ नाही. दर रविवारी कोरड्या रंगाच्या ब्रशनं फटी झाड, खेळत नसशील तेव्हा वरून कापड टाक आणि चालू करायच्या आधी आठवणीनं काढ. दर चार महिन्यांनी झाकण उघड, पाना आहेच आता. दुपारी दोनला पत्र्याखाली खेळायचं मात्र जूनपर्यंत सोड, तिथं माझाही इलाज नाही.

कडक_भाकरी

चुलतभावाचा बंद पडला. अण्णा, दुकान कुठं ओ?