खोडू नका, रेघ मारा: तुमच्या कोर्सनं पडून उठायला शिकवलं का?

दांडियाबाजारकर
काल माळा आवरताना बी.एस्सी.चं केमिस्ट्रीचं जर्नल सापडलं. टायट्रेशनचं, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडत रंग बदलला की थांबायचं त्या प्रयोगाचं, पान उघडलं आणि हात थांबला. पहिलंच रीडिंग चुकलेलं. फिकट गुलाबीवर थांबायचं, तर फ्लास्क गडद राणी रंगाचा! सर खोडू देत नसत. "एक रेघ मारा, शेजारी कारण लिहा." त्या कारणाला वेगळे मार्क असायचे. मी लिहिलंय, 'तोटी बंद करायला उशीर.' मराठी शाळेतून आलेली मी, पहिल्याच वर्षी दोन विषय गेलेले. तो रकाना नसता तर घरी बसले असते.
लेक आता बी.कॉम.ला. इंटर्नलला कमी पडले म्हणून दोन दिवस धड जेवली नाही. तिच्याकडे परीक्षा झाली की थेट पुढचं युनिट, चूक बघायला जागाच नाही. तुमच्याकडे काही होतं का? लिहा.

कुकरच्या_शिट्ट्या
लेक जेवली का? आधी ते सांगा

चिकणमाती
फाइन आर्ट्स, शिल्पकला. आतला सांगाडा कच्चा बांधला की रात्रीतून मातीचं डोकं मानेपासून खाली. सकाळी परत माती मळायची. सर दुपारभर शेजारी थांबले होते माझ्या, ते विसरत नाही.

पाणीगेट
आजोबा बडोद्याच्या कलाभवनात रंगकाम शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं. बिघडलेला नमुनाही वहीत चिकटवायचा म्हणायचे.

खडूफळा
मी शिकवते, वर्गात ऐंशी मुलं. एका पेपरात पहिला मसुदा फक्त शेरे लिहून परत देते, मार्क दुसऱ्याला. तपासणी दुप्पट होते, पण मुलं टिकतात. आणि एकाच दिवशी तीन सबमिशनं यायची, ती विभागात बसून आठवड्यांत वाटून घेतली. रडत येणारी मुलं कमी झाली.
२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन थांबता येतं, क्रेडिट जमा राहतात. घरची अडचण असलेल्यांना फार मोठा आधार आहे हा.

एटीकेटीवाला
सगळं अभ्यासक्रमावर नका टाकू. मला मित्रांनी तारलं. प्रॅक्टिकल बिघडलं की सगळे सेव उसळ खायला. तिखट तर्री!!

कुकरच्या_शिट्ट्या
आता भूक लागली ना 😄 पण लेकीचं?

दांडियाबाजारकर
जेवली हो ताई. रात्री जर्नल घेऊन बसली होती, "आई, रेघ मारलेल्यालाही मार्क?" फोटो टाकते, कसर लागलीये, पानं जपून उघडतेय.

पाणीगेट
कडुलिंबाची वाळलेली पानं ठेवा मध्ये