'अपात्र', 'अनर्ह' की 'अयोग्य'? इंग्लंडच्या कलम १२८ चं मराठी

प्रश्न : इंग्लंडमधल्या शाळेच्या विश्वस्तपदाच्या अर्जाचं मराठी करतेय. त्यात 'कलम १२८ निर्देश' येतो, २००८ च्या एज्युकेशन अँड स्किल्स ॲक्टमधला, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापनातल्या एखाद्याच्या सहभागावर मर्यादा घालणारा सरकारी आदेश. मी लिहिलंय : 'अपात्र व्यक्तींना खाजगी शाळा चालवण्यास बंदी.' चालेल का?

उत्तर : 'अपात्र' नको. ते वाचलं की पदवी, वय, अनुभव डोळ्यांपुढे येतं. इथे प्रश्न वागण्याचा आहे : गुन्हा शाबीत होणं, व्यावसायिक गैरवर्तन, किंवा लोकशाही, कायद्याचं राज्य, परधर्माविषयीचा आदर यांच्या मुळावर येणारं वर्तन.

आणखी एकजण : मग 'अनर्ह' घ्या की. आपल्याकडे १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहेच.

उत्तर : मलाही आधी तोच सुचला होता. पण कलमाची रचना बघा. 'अनर्ह' म्हटलं की कारण सापडताच माणूस आपोआप बाद, असं वाटतं; इथे नुसतं कारण सापडून भागत नाही. त्या कारणामुळे हा माणूस शाळेच्या व्यवस्थापनात नसावा, असं शिक्षणमंत्र्यांचं मत व्हावं लागतं. त्यावर न्यायाधिकरणाकडे अपीलही करता येतं. माणसाला तोलून दिलेला निर्णय आहे हा, म्हणून साधा 'अयोग्य'च बरा.

'बंदी'ही अपुरी पडते. निर्देश तीन तऱ्हेचे असतात : व्यवस्थापनात अजिबात भाग घ्यायचा नाही, ठरावीक परिस्थितीतच घ्यायचा, किंवा अमुक परिस्थितीत घ्यायचा नाही. तिन्हींना सामावून घेणारा शब्द 'निर्बंध'.

प्रश्नकर्ती : पटलं. 'खाजगी' तरी राहू दे ना?

उत्तर : तोच सगळ्यात घातक! तिथल्या अकॅडमी शाळा सरकारी पैशावर चालतात, तरी कायद्याच्या लेखी त्या इंडिपेंडंटच. 'विनाअनुदानित'ही त्यामुळे बाद. उलट आपल्याकडे खाजगी संस्थेची शाळा अनुदानित असणं नेहमीचंच, त्यामुळे मराठी वाचकाचा घोळ दुप्पट होईल. 'स्वतंत्र शाळा' लिहा आणि अकॅडमींचा खुलासा एका ओळीत द्या.

शिवाय 'चालवण्यास' म्हटलं की फक्त संस्थाचालक आठवतात. या कलमाच्या कक्षेत मुख्याध्यापक आणि विश्वस्तही येतात. वर्गात शिकवण्यावरची मनाई मात्र वेगळी, तिचा आदेशही वेगळा. म्हणून 'शाळेत काम करण्यास मनाई' असं कुठेही जाऊ देऊ नका, एखाद्याची नोकरी त्या एका शब्दावर अडेल.

प्रश्नकर्ती : मग असं करते : 'स्वतंत्र शाळेच्या व्यवस्थापनात सहभागी होण्यास अयोग्य ठरवलेल्या व्यक्तीवरील निर्बंध-निर्देश'. लांब आहे, पण अर्जावर तेवढी जागा आहे.