लिनोकट, पावसाळा आणि न वाळणारी शाई

तुम्ही विचारलंय, पावसात लिनोकटची (म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, त्याला शाई लावून कागदावर घेतलेल्या छाप्याची) शाई आठवडा झाला तरी बोटाला लागते, मग सरळ डिजिटलच का करू नये? आम्ही वेंगुर्ल्याकडचे, हे दुखणं दरवर्षीचं. तेलाची शाई पाणी उडून वाळत नाही. तिच्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि गार, दमट हवेत ते रेंगाळतं. म्हणून थर पातळ द्या. रोलर फिरवताना बारीक चुरचुर ऐकू आली पाहिजे. चपचप झालं तर शाई जास्त.

दोन रंगांचं काम जून-जुलैत नकोच. कागद ओल धरून फुगतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त, आणि दुसरा रंग छापताना माडाची झावळी आपल्या जागेवरून सरकते. फार जीव जळतो तेव्हा. एकरंगी करा. आपला पाऊस काळ्या-पांढऱ्यातच खरा उतरतो, असं माझं ठाम मत आहे.

डिजिटल मीही करते, पोटापाण्याची चित्रं त्यावरच होतात. पण चमच्याच्या पाठीने कागद घासून कोपरा उचलला, की कोरलेल्या होड्या तोंड फिरवून कागदावर आलेल्या दिसतात, ते सुख स्क्रीनवर नाही मिळत. आणि हो, छापे टांगताना मध्ये अंतर ठेवा, नाहीतर बुरशी धरते.