चाळिशीत वेकबोर्ड करणारं कोणी उरलंय का, की सगळे वेकसर्फवर गेले?

तळ्याकाठची_ताई
नमस्कार मंडळी. प्रश्न टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसचा आहे. उन्हाळ्यात आम्ही चार कुटुंबं मिळून चालकासकट वेकबोट भाड्याने घेतो. वेकबोर्ड (पाय बोर्डला बांधून, लांब दोर धरून बोटीमागे जायचं) दर वेळी बाजूला राहतो आणि दिवसभर वेकसर्फच (दोर सोडून बोटीच्या लाटेवर) होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: मोठी माणसं आता वेकबोर्ड करत नाहीत. हे खरं आहे का? माझं वय ४२, वजन ६८ किलो, स्नोबोर्ड बऱ्यापैकी येतो, गुडघे धड आहेत. नवरा ४६ वर्षांचा, ९२ किलो, उजवा खांदा एकदा निखळलेला. शिकायची हौस दोघांनाही आहे. आमच्या वयाला शिकावा का, आणि एकाच फेरीत बोर्ड आणि सर्फ दोन्ही नीट जमवता येतं का? "जपून करा" एवढंच सांगू नका, आकड्यांसकट सांगा.

हाफकॅब
ताई, करतात. बोटीमागे पूर्वीपेक्षा कमी दिसतात हे खरं, पण त्याचं कारण वयात कमी आणि बोटीत जास्त आहे.

टोनी फिनने १९८५ मध्ये स्कर्फर हा बोटीमागे ओढायचा सर्फबोर्डसारखा बोर्ड काढला, तिथून हा खेळ वाढत गेला आणि १९९६ मध्ये एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत पोचला. त्या लाटेवर शिकलेली पोरं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतले बरेच अजून खेळतात, फक्त शनिवारी दुपारच्या गर्दीत नाही, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे.

सर्फ आधी कटकटीचं होतं. सगळ्या माणसांना एका बाजूला बसवायचं, पाण्याच्या पिशव्या हलवायच्या, तेव्हा कुठे लाट उभी राहायची. मालिबू या बोट कंपनीने २०१३ च्या मॉडेलांपासून सर्फ गेट (शेपटीला बाहेर येणारी फळी) दिलं, नॉटीक आणि मास्टरक्राफ्टनेही आपापल्या यंत्रणा आणल्या, आणि बटण दाबलं की डावीकडची लाट उजवीकडे जायला लागली. तेव्हापासून बोटी सर्फ डोळ्यांपुढे ठेवून बांधल्या जातात: रुंद, जड, पाण्यात खोल बसणाऱ्या. अशी बोट भरल्या टाक्यांनिशी (वजन वाढवायला पाणी भरतात त्या, बॅलास्टच्या) वेकबोर्डच्या वेगाने नेली की मागची लाट उंच आणि कडक होते. नवशिका माणूस तिच्यावर आपटतो, बोटीवरचे म्हणतात "आता वय झालं", आणि दोर गुंडाळून ठेवला जातो. दोष त्या टाक्यांचा असतो.

दुसरं कारण गर्दी. वेकबोर्डवाला बोटीच्या ६५-७० फूट मागे, ताशी २० मैलांच्या वर असतो, पाण्यातली प्रत्येक खळबळ त्याच्या गुडघ्यात जाते. सर्फवाला बोटीच्या शेपटीला असतो, ताशी १०-११ मैलांवर, आणि बोटीची लाट इतर बोटींच्या लाटा पुसून टाकते. म्हणून खवळलेल्या पाण्यातही सर्फ चालतं, वेकबोर्ड चालत नाही. तिथे विशीतल्या पोरालाही मजा येत नाही.

आता पडण्याचं. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. शिवाय पाय बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डला जोडलेल्या बुटांत, अडकलेले. बर्फावरच्या स्कीचं बाइंडिंग ठरावीक जोर आला की सुटतं, वेकबोर्डचं तसं सुटेलच असं नाही. बोर्डची कड पाण्यात अडकली तर पिळवटा गुडघ्याला, घोट्याला आणि खांद्याला बसतो.

माझं मत: तुम्ही शिका. भाऊजींनी मात्र निखळलेला खांदा फिजिओला दाखवल्याशिवाय वेकबोर्डचा दोर धरू नये. सर्फमध्येही उठताना ओढ असते, पण ती हळू असते आणि उभं राहिल्यावर दोर काही सेकंदांत सोडून देता येतो. वेकबोर्डमध्ये खांदा शेवटपर्यंत ओढला जातो.

नावाडी_डावखुरा
वरच्याशी सहमत. बोट कशी लावायची ते सांगतो, निम्मं शिकणं तिथेच आहे.

सर्फ झाल्या झाल्या त्याच अवस्थेत वेकबोर्ड लावू नका. सर्फला वजन एका बाजूला असतं किंवा गेट बाहेर आलेलं असतं. एक लाट स्वच्छ, दुसरीचा नुसता फेस. बोर्डवाला फेसाळ बाजू ओलांडायला गेला की बोर्ड खाली सरकतो आणि कड अडकते. चालकाला स्पष्ट सांगा: गेट किंवा टॅब मधोमध, सगळ्या टाक्या रिकाम्या, माणसं डावी-उजवीकडे सारखी. नुसतं गेट बंद करून भागत नाही, पाणी बाहेर जायलाच हवं.

सुरुवातीला दोर ५० ते ५५ फूट आणि वेग ताशी १७-१८ मैल, क्रूझ कंट्रोलवर कायम ठेवलेला. नुसतं उठून सरळ जाणं जमलं, मग लाटेबाहेर जाऊन परत आत येणं जमलं, की दोर ६५ फूट आणि वेग २०-२१. दोन्ही एकत्र वाढवायचे. बोटीमागे लाटा इंग्रजी व्हीसारख्या पसरतात, दोर जितका लांब तितकं दोन लाटांमधलं अंतर जास्त. दोर वाढवून वेग तसाच ठेवला तर तेवढ्या मागे लाटेचा माथा फेसाळतो. टाक्या भरायच्या त्या उड्या मारायची वेळ आली की, त्याही दोन्ही बाजूंना सारख्या.

दोर बघून घ्या. वेकबोर्डचा दोर न ताणला जाणारा असतो आणि टॉवरला, म्हणजे बोटीवरच्या उंच कमानीला, बांधतात. ट्यूब ओढायचा दोर वापरू नका. तो ताणतो, आणि हात सुटला की दांडी बोटीतल्या माणसांच्या दिशेने झेपावते. सर्फचा दोर २०-२५ फुटांचा, जाड. सर्फवाल्याने सोडला की लगेच बोटीत ओढून घ्यायचा, पाण्यात लोंबकळत ठेवायचा नाही.

क्रम असा ठेवा. सकाळी सात ते साडेनऊ रिकाम्या टाक्यांवर वेकबोर्ड. वारा उठला, गर्दी झाली की नांगर टाकून खाऊन घ्या, पंप चालू करा, आणि पुढे सर्फ. उलटं केलंत तर टाक्या रिकाम्या करण्यात वेळ जातो आणि वेकबोर्डच्या वाट्याला थकलेले पाय आणि खवळलेलं पाणी येतं.

ट्रॅव्हिसवर पाण्याची पातळी फार चढ-उतार करते. समटाइम्स आयलंड्स हे नावच त्यावरून पडलंय, पाणी उतरलं की बेटं वर येतात. पातळी मधोमध असेल तेव्हा तो खडक दिसत नाही पण खाली असतोच. सर्फला बोटीची शेपटी आणखी खाली जाते. १५ फुटांहून कमी खोलीत जाऊ नका, लाटही तिथे नीट उभी राहत नाही.

तळ्याकाठची_ताई
हाच क्रम चालकाला आधीच कळवते, आभार. भाड्याने बोर्ड घेताना कोणता मागू? आणि पाण्यातून उठताना लोक पुन्हा पुन्हा पडतात ते नेमकं कशामुळे?

बाइंडिंगवाला
तुमच्या ६८ किलोला १३६ ते १३९ सेंटिमीटरचा, भाऊजींना पुढेमागे लागलाच तर १४२ च्या वरचा. दोन मापांत अडलात तर मोठं घ्या, मोठा बोर्ड लवकर पाण्यावर येतो. तळाचा बाक (टोकांकडे वर जाणारी वक्रता) एकसलग असलेला मागा. तीन टप्प्यांत मोडलेला बाक उंच उडी देतो, पण आत्ता त्याचा उपयोग नाही. दोन्ही टोकांना तळाशी फिन (दिशा धरून ठेवणारे पंख) असू द्या.

बाइंडिंग खांद्यांपेक्षा थोडं रुंद, पुढचा पाय १५ ते १८ अंश बाहेर, मागचा शून्य. पहिल्या दिवशी दोन्ही एक-एक भोक मागे सरकवा म्हणजे पुढचं टोक पाण्यात घुसत नाही. बूट घातल्यावर टाच उचलून बघा. टाच उचलली जात असेल तर ढिलं आहे, अर्धवट पाय निघाला की घोटा मुरगळतो. पाय घालायला साबणाचं पाणी आत शिंपडा, कोरड्याने ओढाताण करू नका. स्क्रू हाताच्या पेचकसाने घट्ट करा आणि दोन माणसांनी वापरला की पुन्हा तपासा, ते सैल होतात.

आता उठणं. पाण्यात पाठीवर, गुडघे छातीशी, टाचा ढुंगणाजवळ. बोर्ड बोटीला आडवा, वरची कड पाण्याबाहेर डोकावणारी. हात सरळ, गुडघ्यांच्या बाहेरून, दांडीची पकड वरून. बोट हळू निघाली की पाणी बोर्डच्या तळावर दाबेल. तिथेच बहुतेक जण चुकतात: पाय ताठ करून त्या पाण्याला रेटतात. रेटलं की बोर्ड भिंतीसारखा उभा राहतो आणि दांडी हातातून निसटते. गुडघे दुमडलेलेच ठेवा, छाती मांड्यांकडे, बोर्ड आपोआप ढुंगणाखाली येतो. खुर्चीवर उकिडवं बसल्यासारखं झालं, बोर्ड पाण्यावर चढलेला पायांना जाणवला, की मग पुढच्या बाजूची कंबर वळवून बोर्ड बोटीकडे करा आणि सावकाश उभ्या राहा. घाईने उभं राहिलं की तोंडावर. हात छातीकडे ओढले की मागे उताणं.

स्नोबोर्डवाल्यांची एक खास चूक आहे. बर्फावर वजन पुढच्या पायावर ठेवायची सवय असते. इथे ओढ समोरून असते, पहिल्या काही मिनिटांत वजन किंचित मागच्या पायावर हवं. आणि दांडी पुढच्या कमरेशी, खाली. दांडी वर गेली की बोर्ड सपाट होतो, आणि सपाट बोर्डवर लाट ओलांडली की कड अडकते. ज्या बाजूला निघालात तिकडची कड लाटेच्या माथ्यापर्यंत दाबलेली ठेवा, माथ्यावर ढिली सोडू नका.

चालकालाही सांगा. थ्रॉटल एकदम नाही, तुम्ही वर येईपर्यंत सावकाश. भारी माणसाला जोरात ओढायचं असतं हा गैरसमज आहे, उलट हात सुटतात.

केबलकर
बोटीबद्दल सगळं बरोबर लिहिलंय, पण पहिला धडा बोटीमागे घ्यावा हे मला पटत नाही. नवी वेकबोट आज सहज १ लाख डॉलरच्या वर जाते, भाडं त्याच हिशोबाने, आणि चार कुटुंबांत तुमच्या वाट्याला येतात १०-१५ मिनिटं.

केबल पार्कवर (तिथे बोटीऐवजी खांबांवरची केबल ओढते) तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त वेळा उठायला मिळतं. दोन खांबांची छोटी केबल मागा. ती एका वेळी एकालाच ओढते, वेग चालवणाऱ्याच्या हातात असतो, पडलात की तिथेच थांबते आणि तो काठावरून चूक सांगतो. पाच-सहा खांबांची मोठी केबल सुरुवातीला टाळा, ती साधारण ताशी १९-२० मैलांवर अखंड फिरते आणि धक्क्यावरून निघताना जो झटका बसतो तो नवशिक्याच्या खांद्याला वाईट. भाऊजींना तर नकोच.

केबल उंचावर असते, ओढ वरच्या दिशेने येते, म्हणून उठायला सोपं. पाणी सपाट, मागे लाट नाही. लाट ओलांडणं तिथे शिकता येणार नाही, ते बोटीकडेच. तुमच्या बाजूला न्यू ब्रॉनफेल्सचं टेक्सास स्की रँच हे या मंडळींत जुनं नाव आहे. हेल्मेट घाला, विशेषतः पाण्यात अडथळे असतील तिथे.

नावाडी_डावखुरा
केबलची सूचना चांगली आहे, आधी केबल आणि मग बोट हा क्रम मलाही मान्य. सर्फबद्दल दोन गोष्टी राहिल्या. सर्फ सौम्य म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं, पण तिथला धोका वेगळा आहे.

सर्फ फक्त इनबोर्ड बोटीमागे, जिथे पंखा बोटीच्या तळाखाली असतो. आउटबोर्ड किंवा साध्या स्टर्नड्राइव्हमागे कधीही नाही, तिथे पंखा शेपटीला उघडा असतो आणि सर्फवाला पुढे सरकून पडला तर थेट त्यावर. पुढच्या दिशेने पंखा असलेलं व्होल्व्होचं फॉरवर्ड ड्राइव्ह हा अपवाद.

दुसरं कार्बन मोनॉक्साइड. हळू जाणाऱ्या बोटीमागे हवेचा भोवरा होतो आणि धूर शेपटीशीच घुटमळतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचं नाही, मुलं तर अजिबात नाही. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती ही लक्षणं उन्हाची किंवा बोट लागल्याची समजून सोडून देतात. तसं वाटलं की इंजिन बंद आणि माणूस मोकळ्या हवेत पुढे. पण पुढच्या भागात पाच-सहा जण कोंबून एकदम थ्रॉटल मारू नका, स्वतःचीच लाट बोटीच्या नाकावरून आत येते.

किनाऱ्यापासून लांब राहा. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजमापांवरून वेकबोटींना किमान ५०० फूट अंतर सुचवलं. व्हरमाँटने २०२४ मध्ये वेकस्पोर्टसाठी ५०० फूट अंतर, २० फूट खोली आणि सलग ५० एकर पाणी असा नियमच केला. टेक्सासमध्ये तो लागू नाही, पण ट्रॅव्हिसवरचे तरंगते धक्के आणि बांधलेल्या बोटी त्या लाटेने तशाच हलतात. आणि निघताना बॅलास्टच्या टाक्या पूर्ण उपसा. ट्रॅव्हिसमध्ये झेब्रा शिंपले आहेत, त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि टाकीतल्या पाण्यातून दुसऱ्या तलावात जातात.

तळ्याकाठची_ताई
म्हणजे आधी दोन खांबांची केबल, मग सकाळी रिकाम्या टाक्यांवर बोर्ड. नवरा फिजिओला दाखवेपर्यंत फक्त सर्फ. एका वेळी किती मिनिटं करू?

बाइंडिंगवाला
दहा-बारा मिनिटं, मग बोटीत. आधी हाताची पकड जाते. दांडी बोटांच्या टोकांवर यायला लागली की तिथेच सोडा, "अजून एकदा" म्हणून घेतलेल्या शेवटच्या फेरीतच लोक वाईट पडतात. चालक भाड्याचा आहे तर खुणा निघण्याआधी ठरवून घ्या: अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे धक्क्याकडे परत, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांब. पडल्यावर हात वर केला म्हणजे ठीक आहे. हात वर आला नाही तर चालकाने दोर गोळा करत बसायचं नाही, आधी तुमच्याकडे वळायचं, आणि तुमच्यापाशी पोचल्यावर इंजिन पूर्ण बंद करायचं. हे नजर ठेवणाऱ्या माणसालाही सांगा, चालकाचं लक्ष पुढे असतं.