शुगरच्या गोळ्यांसोबत गुळवेलीचा काढा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातून विचारतोय. बाबांना (वय ६२) शुगर आहे, मेटफॉर्मिन आन ग्लिमेपिराइड चालू आहे, आता कोणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गुळवेलीचा काढा घेतात आन ऐकत नाही बुवा. वेल आमच्याच धुऱ्यावरच्या निंबावरची, निंबावरची जास्त गुणकारी म्हणतात ना तीच. खोड हिरवं आहे, बारीक गाठी नाही, तोडल्यावर दुधासारखा चीक निघत नाही, म्हणजे ती गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, नसावी, आयुष मंत्रालयाने हाच फरक सांगितला होता.

अडचण अशी की आता मधातच दुपारी त्यांना घाम सुटतो, हातपाय थरथरतात, घरच्या मशीनवर शुगर ६८ दाखवली, साखर दिली तं बरं वाटलं. गुळवेलीनंही शुगर उतरते हे माहीत आहे, म्हणून काढा सध्या बंद करायला लावला, गोळ्यांना हात लावला नाही. दारू नाही, कावीळ कधी झाली नाही, लिव्हरची तपासणी मात्र केलेली नाही. डॉक्टरकडे बाजाराच्या दिवशी नेतोच आहे.

तिथं ग्लिमेपिराइडच्या डोसबद्दल नेमकं काय विचारू, आन काढा इतके दिवस घेतला म्हणून एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घ्यावी का?